एका नावाच्या दोघींची पुस्तकं

२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र हॉस्पिटलातून लिहिते आहे, वॉर्डामागच्या कपडे बदलायच्या खोलीत बसून. फोन केला असता, पण आपल्या घरात फोनवर बोललेलं सगळं आईंना ऐकू जातं. डोळे गेले आणि कान दुप्पट झाले. दोन खोल्यांत कुजबुजायलाही कोपरा उरलेला नाही.

सरळच सांगते. बरेच दिवस झाले, आई माझ्या हातून खात नाहीत. मी चमचा पुढे केला की मान वळवतात. ‘ठेव तिथे, भूक नाही,’ म्हणतात. तुमचे दादा रात्री पाळी संपवून आले की त्यांच्या हातून चार घास खातात, तेवढंच. चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं एका जेवणावर कसं भागणार? त्यांचं वजन उतरतंय, ते मला कूस बदलवताना हाताला कळतं.

मी काही चुकले का, असं विचारलं. म्हणाल्या, ‘छे गं, तुझे उपकारच आहेत.’ वन्सं, पंचवीस वर्षांत या बाईनं मला उपकार हा शब्द ऐकवलेला नाही. चहात साखर कमी पडली तर ‘माहेरी साखरेचं दुकान नव्हतं वाटतं’ म्हणणाऱ्या त्या. टोमणे एकदम बंद झालेत. पाठ पुसताना म्हणतात, ‘राहू दे, तुला उशीर होईल.’ टोमण्यांची मला सवय होती, या गोड बोलण्याची भीती वाटते.

आणि मुख्य गोष्ट ही, की त्यांनी दादांकडे हट्ट धरलाय, ‘मला वृद्धाश्रमात ठेव.’ दादांना आईला नाही म्हणता येत नाही हे तुम्ही जाणताच. ते जाऊन नाव घालून आले. पंधरा मार्चला तिथली एक खाट रिकामी होणार आहे. त्यांना वाटतं आम्हा दोघींचं काहीतरी बिनसलंय आणि मी ते लपवते आहे.

मी या कामावर पुस्तक लिहिलं, नर्सिंगच्या मुलींना शिकवते, की रुग्णाचा आपल्या हातांवर भरवसा बसला पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. आणि माझ्याच घरातला रुग्ण माझा हात चुकवतो आहे. तुम्ही लेक आहात. तुम्हाला सांगतील. फोन करून जरा त्यांच्या पोटात शिरा आणि काय झालंय ते काढून घ्या.

तुमची,
वहिनी


९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी आईला फोन केला. दादा घरी होता, त्यानं तिच्या कानाशी धरला. मी तब्येत विचारली, तिनं माझी विचारली. जेवत का नाहीस म्हटलं तर म्हणाली, ‘या वयात किती जेवायचं असतं?’ आश्रमाचं विचारलं तर म्हणाली, ‘तुम्ही सगळे सुखी राहा.’ आणि मग दादाला म्हणाली, घे, ठेव.

मला वाटतं हे वयाचं असावं. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या वडिलांनी असंच अचानक धाकट्या मुलाशी बोलणं सोडलं होतं, आणि काही महिन्यांनी आपोआप पुन्हा बोलायला लागले. डॉक्टरांना विचारून भूक वाढायचं औषध सुरू करता येईल का? मी एक हलकी गादी पाहिली आहे, हवेची. हवी तर पाठवते.

हे लिहिताना मला जाणवतंय की मी गादीबद्दल लिहिते आहे. तुम्ही गादी मागितली नव्हती. पण दिवसभर विमा कंपनीत बसून लोकांना ‘आपला दावा मंजूर करता येत नाही याबद्दल खेद आहे’ अशी पत्रं लिहायची, आणि संध्याकाळी आपल्या माणसाला लिहायला बसलं की हातातून तीच भाषा उतरते. राग मानू नका.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका एवढंच मला मनापासून म्हणायचं आहे. तुम्ही नसता तर आईनं ही चार वर्षं काढली नसती.

तुमची,
धाकटी


१७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

कारण कळलं. औषधाचं नाही आणि वयाचंही नाही.

आपल्या वरच्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या बाई राहतात, दुपारी आईंना वाचून दाखवायला येतात, हे मी तुम्हाला मागे कळवलं होतं. परवा मी त्यांना जिन्यात गाठलं आणि म्हटलं, तुम्ही दुपारी असता, आईंना कुणी काही बोललं का? बाई आधी पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मी तुमच्याशी बोलावं की नाही याच विचारात होते. तुम्ही लिहिता छान. पण घरातलं असं बाहेर मांडायला नको होतं.’

मला काही उमजेना. मी म्हटलं, बाई, माझं पुस्तक म्हणजे रुग्णाची चादर कशी बदलावी आणि टाचांखाली उशी कशी ठेवावी. त्यात घरातलं काय?

‘ते नव्हे,’ म्हणाल्या, ‘दुसरं.’

झालं असं. बाईंना वाटलं, सुनेनं लिहिलेलं पुस्तक सासूला वाचून दाखवावं, तिला बरं वाटेल. त्या वाचनालयात गेल्या आणि माझं नाव सांगितलं. तिथल्या माणसानं कपाटात शेजारी-शेजारी लावलेली दोन पुस्तकं काढून दिली. एक माझं, ‘अंथरुणावरच्या रुग्णाची घरातली देखभाल’. दुसरं ‘दाराबाहेर’, कथासंग्रह, गेल्या वर्षी निघालेला. दोन्हींवर नाव एकच, आडनाव एकच. मधलं नाव माझ्या पुस्तकावर छापलेलं नाही आणि त्याच्यावरही नाही. त्या बिचाऱ्यांनी आधी माझं वाचलं. आई म्हणे खूश झाल्या, ‘हे तर ती रोजच करते’ म्हणाल्या. मग दुसरं उघडलं. पहिलीच गोष्ट, ‘दाराबाहेर’.

मी ते पुस्तक बाईंकडून घेतलं आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून वाचलं. एक नोकरी करणारी सून. घरी अंथरुणाला खिळलेली सासू. सून रोज संध्याकाळी जिना चढून येते आणि दाराबाहेर थांबते. किल्ली हातात, पण आत जाववत नाही. कान देऊन ऐकते. ‘आत आवाज नसला की क्षणभर बरं वाटतं. आणि मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटते.’

हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं. कारण ते माझं आहे. आईंना अंथरूण धरून दीड वर्ष झालं असेल, तेव्हा एका पत्रात मी तुम्हाला ते लिहिलं होतं. दुसऱ्या कुणाला लिहिलं नव्हतं. तुमच्या दादांनाही बोलले नव्हते.

तेव्हा माझं नाव लावणारी ही दुसरी कोण, ते शोधायला मला वाचनालयात जावं लागलं नाही. तुम्ही लग्न करून गेलात तेव्हा घरात या नावाची मी एकटी उरले होते. नवऱ्याचं घर आणि आडनाव सोडून तुम्ही पुन्हा मूळ नाव लावलंत, तेव्हा आपण परत दोघी झालो. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. नाव तुमचं आधीचं, मी त्यात नंतर राहायला आले. मी लग्न होऊन आले तेव्हा आई म्हणायच्या, एका नावाला हाक मारली की दोन कामं चुकतात, म्हणून तुम्ही धाकटी झालात आणि मी सूनबाई.

मी रागावलेली नाही. खरं सांगायचं तर रागवायला लागणारी ताकद सध्या इतर ठिकाणी लागते. पण आईंना वाटतंय की मी त्यांच्या मरणाची वाट बघते आणि ते मी छापून गावभर वाटलं. म्हणून त्या मान वळवतात. म्हणून खाट मागतात.

मी त्यांना म्हटलं, ते पुस्तक माझं नाही. म्हणाल्या, ‘असू दे. लिहिलंस ते चांगलंच लिहिलंस.’ आणि मान भिंतीकडे वळवली.

तुम्ही सांगा त्यांना. तुमचं तुम्ही घेऊन जा. पंधरा मार्चच्या आत.

वहिनी


२१ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं, आणि मी ते आधी वाचून मग संध्याकाळपर्यंत काम केलं. हे सांगायची गरज नव्हती. पण मला स्वतःविषयी हेच कळत नाही, की मी ते वाचून उठून का गेले नाही.

हो, पुस्तक माझं. घरी कळवलं नाही, कारण त्यात आई आहे हे मला माहीत होतं. आपल्या घरात पुस्तकं कुणी वाचत नाही असं गृहीत धरून मी निर्धास्त होते. बाई वर राहायला येतील, त्यांना तुमचं कौतुक वाटेल, आणि वाचनालयातला माणूस दोन पुस्तकं एका हातानं काढून देईल, हे माझ्या हिशेबात कुठून असणार? तुमचं पुस्तक आहे हे मात्र मला ठाऊक होतं. प्रकाशकांनी विचारलंही होतं, ‘या नावाच्या आणखी एक लेखिका आहेत, तुम्ही वडिलांचं नाव मध्ये घालता का?’ मी म्हटलं, त्या चादरींवर लिहितात, कोण गोंधळ घालणार? हसून म्हटलं. ते हसणं आता आठवतंय.

त्या वाक्याबद्दल. मी वीस वर्षं रोजनिशी लिहिते हे तुम्हाला माहीत आहे. त्यात दिवसभर ऐकलेलं, वाचलेलं, मनात आलेलं सगळं एकाच शाईनं उतरतं, आणि कुणाचं काय ते मी लिहून ठेवत नाही. माझ्या स्वतःच्या मनात आलेलं वाटावं इतकं ते वाक्य मी जवळ बाळगलं होतं. गोष्ट लिहिताना ते सहज आलं आणि मला वाटलं, किती खरं सुचलं. यात लबाडी नव्हती असं मला म्हणायचं आहे. पण नव्हती असं छातीठोक म्हणता येत नाही, कारण त्या गोष्टीतली चादर, ती टाचांखालची उशी, पावडर आणि औषध मिळून खोलीला येणारा वास, हे मला कुठून माहीत असणार होतं? चार वर्षांत मी आईकडे किती वेळा आले आणि किती तास बसले ते तुम्ही जाणता. तुम्ही कधी बोलला नाहीत.

आईला फोनवर हे सांगता यायचं नाही. दादा फोन धरून उभा असतो. म्हणून सोबत वेगळं पत्र जोडलं आहे. ते बाईंनाच वाचायला सांगा, तुम्ही वाचू नका. तुमच्या तोंडून आलं तर तिला वाटेल तुम्ही मनचं वाचताय.

तुमची,
धाकटी

(सोबतचं पत्र)

आई,
तुला बाईंनी ‘दाराबाहेर’ म्हणून जी गोष्ट वाचून दाखवली ती वहिनींनी लिहिलेली नाही. मी लिहिली. पुस्तकावरचं नाव माझं आहे, तू आणि बाबांनी ठेवलेलं. वहिनींना त्यातलं काहीही माहीत नव्हतं. तू त्यांच्या हातून जेव. राग धरायचा तर माझ्यावर धर.
तुझी धाकटी


२७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र बाईंनी वाचलं. मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. बाईंचा आवाज शाळेत वाढलेला, भिंतीपलीकडून ऐकू येतो.

वाचून झाल्यावर आईंनी ‘संपलं का?’ म्हणून विचारलं. मग म्हणाल्या, ‘भोळी आहे हो माझी लेक.’

बाई म्हणाल्या, ‘अहो, पण ती स्वतः लिहिते आहे की.’

‘लिहील ना. सुनेनं सांगितलं असेल, तुझ्यावर घे म्हणून. ही लहानपणापासून अशीच. शेजारची काच दादानं फोडली, मार हिनं खाल्ला. बाई, तुम्हीच सांगा, कूस बदलायला अंगाखालची आडवी चादर कशी ओढतात हे माझ्या लेकीला काय ठाऊक? मला बसवायचं तर ती काखेत हात घालून उचलते, आणि गोष्टीत लिहिलंय, काखेत धरू नये, खांदा निखळतो. हे सुनेचं आहे. तिच्या आधीच्या पुस्तकातही हेच होतं ना?’

बाई म्हणाल्या, होतं.

‘मग झालं तर.’

वन्सं, मला हसू आलं. खरंच. तुम्ही इतकं अचूक लिहिलंत, की तुमच्यावर कुणी विश्वास ठेवेना. बाईसुद्धा आता माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात. एक तर मी सासूचं मरण लिहिलं, वर नणंदेला खोटं पत्र लिहायला लावलं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, इथे दोन्ही माझ्याच डोक्यात.

तुमचे दादा आश्रम बघून आले. स्वच्छ आहे म्हणाले. खिडकी आहे म्हणाले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. रडताना ते नेहमी नळ सोडतात, पाणी वाया जातं.

काल आईंच्या टाचेला लाल डाग दिसला, पडून-पडून होणाऱ्या जखमेची ती सुरुवात. चार वर्षांत पहिला. रात्री टाचांखालची उशी सरकते, पण मला उठवायला नको म्हणून त्या हाक मारत नाहीत.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

मी येते. चार दिवसांची रजा मिळाली. शुक्रवारी संध्याकाळी पोचेन. तिच्या समोर बसून सांगेन. तोंडावर सांगितलेलं तिला मानावंच लागेल.

धाकटी


११ मार्च

प्रिय वन्सं,

तुम्ही मंगळवारी सकाळी निघालात तेव्हा मी ड्यूटीवर होते, त्यामुळे निरोप राहिला. तुम्ही मुद्दाम ती वेळ निवडली असेल तर तेही समजते.

तुम्ही असताना काय झालं ते तुमच्यासमोरच झालं. पण तुम्ही त्याकडे कसं बघत असाल ते मला माहीत नाही, म्हणून मी माझ्या बाजूनं लिहिते. तुम्ही आईंचा हात हातात घेऊन सगळं सांगितलंत, रडलात. त्यांनी तुमच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘पुरे आता. वहिनीसाठी किती करशील?’ मग तुम्ही म्हणालात, आज कूस मी बदलते. मी तुम्हाला चादर कुठे धरायची ते सांगत होते, पण तुम्ही घाईत होतात. आई कळवळल्या. आणि तुमच्या हातात असताना त्यांनी हाक मारली ती ‘सूनबाई’ अशी. दीड महिन्यात पहिल्यांदा.

मी आले, केलं, झालं. तुम्ही खिडकीशी जाऊन उभ्या राहिलात. तुम्हाला ती हाक लागली हे मला दिसलं. मला ती लागली नाही असं नाही, पण वेगळी लागली.

आता तुम्ही गेल्यानंतरचं. त्याच संध्याकाळी मी कामावरून आले. जिना चढले, आणि वन्सं, थांबले. तुमच्या पुस्तकानं माझी ती जागासुद्धा नासवली आहे. आता तिथे उभं राहिलं की वाटतं कुणीतरी बघतंय. तरी थांबले. आत आवाज नव्हता. मग आतून आई म्हणाल्या, ‘आलीस ना? मग उभी का?’

पायांचा आवाज त्यांना कायमच ऐकू येत असणार. चार वर्षं. मी कधी विचारच केला नाही.

आत गेले. त्या म्हणाल्या, ‘बस.’ बसले.

‘ते खरं का?’

‘कुठलं?’

‘उगाच वेड पांघरू नकोस. आवाज नसला की बरं वाटतं, ते.’

मी म्हणणार होते की मी लिहिलेलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांनी मला कुणी लिहिलं ते विचारलंच नव्हतं. त्यांनी खरं का ते विचारलं होतं. आणि ते खरं होतं.

म्हटलं, ‘हो.’

‘रोज?’

‘रोज नाही. फार दमलेली असते तेव्हा.’

‘म्हणजे रोजच.’

‘रविवारी सुट्टी असते.’

त्या हसल्या. ओठ हलले नाहीत, पण पोट हललं, मला चादरीवरून दिसलं. मग म्हणाल्या, ‘तू लिहिलंस याचं मला दुःख नाही. सगळ्या जगाला सांगितलंस आणि मला नाही सांगितलंस. मी काय भिंत आहे? चार वर्षं माझ्याशी हॉस्पिटलातल्यासारखी बोलतेस. आई, आता जरा पाय वर. आई, आता औषध. मला वाटायचं हिला माझं काहीच वाटत नाही, रागसुद्धा येत नाही. मी हिचा एक नंबर आहे, खाट नंबर अमुक. म्हणून मी टोमणे मारायची. म्हटलं, बघू तरी कधी उलटून बोलते का. गोष्टीतली ती बया मला मनात काय-काय बोलते. पण ती मला ओळखते.’

मी म्हटलं, ‘आता बोलू का उलटून?’

‘आधी खायला घाल. मग बोल.’

मी मऊ भात केला. वाटीभर खाल्ला त्यांनी, माझ्या हातून. मीठ कमी आहे म्हणाल्या. माहेराचा उद्धार झाला. मी म्हटलं, तुमच्या लेकीचं माहेरही हेच, तिला काही म्हणत नाही तुम्ही. म्हणाल्या, ‘तिला काय म्हणायचं? ती साधी आहे.’

रात्री दादांना त्यांनी खाट नको म्हणून सांगितलं. दादा नळ सोडून बसले.

आता मागणं. मला मागायला अवघड जातंय, पण घुमवून-फिरवून लिहिण्याइतका वेळ नाही. तुम्ही म्हणालात, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे आणि या वेळी तुम्ही मध्ये वडिलांचं नाव घालून घेणार आहात, म्हणजे गोंधळ मिटेल. ते घालू नका. आई आहेत तोवर नको. बाई नवीन प्रत आणतील, त्यांना नावाचं पहिलं पानसुद्धा मोठ्यानं वाचायची सवय आहे, आणि आई मला विचारतील. मी हो म्हटलं आहे. मी त्यांना खोटं सांगितलं असं मला वाटत नाही, पण पुस्तकावर तुमच्या वडिलांचं नाव आलं की ते खोटं ठरेल, आणि मग जे खरं होतं तेही त्याबरोबर जाईल.

तुमची गोष्ट मी तुमच्याकडून मागते आहे, हे मला कळतं. तुम्ही माझं एक वाक्य न मागता नेलंत, म्हणून मी मागते आहे असं समजू नका. तसं फिटत नसतं.

वहिनी


१९ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र आठवडाभर उशिरा लिहिते आहे. रोज लिहायला बसत होते.

प्रकाशकांना कळवलं. नाव आहे तसंच राहू द्या म्हटलं. ते म्हणाले, ‘अहो, तुम्हीच तर आग्रह धरला होतात. आणि एक सांगू का, वाचनालयं तुमचं पुस्तक परिचारिकांच्या कपाटात लावतात, तुमचंच नुकसान आहे.’ मी म्हटलं, असू दे. कारण विचारलं, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी किती चांगली आहे हे त्यांना कळलं असतं, आणि मला तेच नको होतं. की हवं होतं आणि म्हणून नको होतं? हे मी तीन संध्याकाळी रोजनिशीत लिहून पाहिलं. शेवटी दमून सोडून दिलं.

मला तुमच्याशी खरं बोलायचं आहे. मला ते द्यायचं नव्हतं. तुमचं पत्र वाचल्यावर पहिला विचार आला तो हा, की त्या एका गोष्टीपलीकडे मी आयुष्यात काही धड लिहिलेलं नाही. संसार टिकवता आला नाही, नोकरीत लोकांना नाही म्हणायचा पगार घेते. ही एक गोष्ट होती, जी वाचून अनोळखी माणसं मला थांबवून म्हणायची, तुम्ही आमच्या घरातलं लिहिलंत. आणि मी मान डोलवायची, जणू माझं घर होतं. मग दुसरा विचार आला, की ते म्हणणं ऐकायचा हक्क मुळात कुणाचा होता? तुमच्या वाक्याभोवती बाकीची पंधरा पानं मीच लिहिली आहेत, हेही खरं आहे. मी ती वाईट लिहिली नाहीत. एवढं मला म्हणू द्या, एकदाच. पुन्हा म्हणणार नाही.

आईनं ‘सूनबाई’ म्हणून हाक मारली ती मला लागली, हे तुम्हाला दिसलं. त्यापेक्षा जास्त काय लागलं ते सांगते. तुम्ही आलात, चादर धरली, आणि आई तुमच्या दिशेनं आपणहून वळली. तिनं अंग सैल सोडलं. माझ्या हातात ती लाकडासारखी ताठ होती. मी तिची लेक, आणि तिच्या अंगाला मी परकी.

पुढच्या महिन्यात माझी बाकीची रजा घेते आहे. तुम्ही तुमच्या बहिणीकडे जाऊन या, झोपा, काही करू नका. मला आधी दोन दिवस शिकवा. तुमचं पुस्तक मी मागवलं. वाचनालयात नव्हतं, वाचकाकडे गेलंय म्हणाले, म्हणून विकत घेतलं. चित्रं स्पष्ट आहेत. मी गोष्टीसाठी काही टिपून घ्यायला येत नाहीये, हे तुम्हाला सांगायला हवं का? सांगून ठेवते.

काल रात्री आईला फोन केला. दादानं धरला होता, पण ती आपल्या मूळ आवाजात बोलत होती, खडा. जेवलीस का विचारलं तर म्हणाली, ‘जेवले. तुझी वहिनी गिळायला लावते.’ मग एकदम म्हणाली, ‘ती काय लिहिते गं. बाईंनी काल पुन्हा वाचून दाखवलं. नोकरी करते, माझं करते, आणि वर लिहिते. तुला तर लहानपणापासून नाद होता. एवढी शिकलीस, वह्या भरतेस. तूही एखादी गोष्ट लिहून बघ की. अडलं तर वहिनीला विचार, ती सांगेल.’

मी म्हटलं, बघते, आई.

तुमची,
धाकटी